अख्खं घर तेफिल्लाला, म्हणजे प्रार्थनेला, कसं आणायचं, तान्ह्यापासून आज्जीपर्यंत

आमच्या सिनेगॉगमध्ये एकदा स्टीलचा डबा पडला होता, त्या डब्यापासूनच सुरू करते. शनिवार सकाळ, अमिदा म्हणजे उभ्याने मनातल्या मनात म्हणायची प्रार्थना चालू, सगळे उभे, ओठ हलतायत पण आवाज नाही, आणि वर बायकांच्या गॅलरीत एका दीड वर्षाच्या पोराच्या हातून चण्याचा डबा निसटला तो लाकडी जिन्यावरून टण टण टण करत थेट खाली. दोन-चार चणे तर तेबाच्या, म्हणजे वाचायच्या चौथऱ्याच्या, पायरीपर्यंत पोचले. कोणी एक शब्द बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती, खालची पंधरा-वीस डोकी एकदम वर वळली आणि त्या पोराच्या आईने पोर उचललं, पिशवी उचलली आणि निघून गेली. पुढे वर्षभर ती आली नाही. आणि कमिटीच्या मीटिंगला तेच वर बघणारे लोक चहा पिता पिता म्हणतात, "तरुण फॅमिलीज येत नाहीत हो हल्ली."

कुठलं सिनेगॉग ते सांगत नाही, आपण एवढे थोडे आहोत की जिल्हा सांगितला तरी आज्जीचं नाव निघेल. 1951 च्या जनगणनेत भारतात 26 हजारांवर ज्यू होते, आज सगळे मिळून चार-पाच हजार, बाकीचे दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा असे पांगले. म्हणजे प्रत्येक घर मोजून मापून आहे, एखादी आई चण्यांमुळे गेली तर ते आपल्याला परवडत नाही.

मी काही रब्बाय म्हणजे धर्मगुरू नाही, तेफिल्ला चालवणारी हझानही नाही, गॅलरीत बसणारी बाई आहे, पण गेली काही वर्षं "फॅमिली शब्बाथ" (शब्बाथ म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) नावाचा जो काही प्रकार आम्ही दोघी-तिघींनी चालवलाय त्यातून जे जमलं आणि जे सपशेल पडलं ते लिहितेय. दुसऱ्या सिनेगॉगवाल्यांनी विचारलं होतं म्हणून. बेने इस्रायल नसलेलं कोणी वाचत असेल तर एवढंच, आपण ते कोकणातले मराठी ज्यू, शनिवारी काम बंद ठेवून तेल गाळायचे म्हणून "शनिवार तेली" म्हणायचे ते, आणि आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीद म्हणतात. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव आमच्या मशिदीवरून पडलं असं आमचे आजोबा लोक छाती फुगवून सांगतात, ती म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलेली शार हाराहमीम.

आता मुद्दा. आम्ही पहिली दोन वर्षं चुकलो ते असं की आम्ही लोकांना बोलवत होतो. व्हॉट्सअॅपवर फुलांचं चित्र, "सहकुटुंब या", खाली तीन हात जोडलेले. येतंय कोण? बोलावल्यावर माणूस पाहुणा होतो आणि पाहुणा एकदा येतो. मग आम्ही बोलावणं बंद केलं आणि कामं वाटायला लागलो. चार वर्षांच्या पोराला काम, ऐंशी वर्षांच्या आज्जीला काम, बारावीच्या पोरीला काम. ज्याच्या नावावर काम आहे तो येतो, आणि लहान पोराच्या नावावर असेल तर त्याच्यामागे आई-बाप-आजोबा-काकी असे चार जण आपोआप येतात. एवढं एकच मला कळलंय, बाकी खाली सगळं तेच आहे, कुठलं काम कोणाला.

शुक्रवारपासून सुरू करा, शनिवारी सकाळी नाही. शनिवारी लिहायचं नाही, फोन नाही, दिवा पेटवायचा नाही, त्यामुळे पोरांना करण्यासारखं हाताचं जे काही असतं ते सगळं शुक्रवारी दुपारीच असतं. आमच्याकडे छताला काचेचे तेलाचे दिवे टांगलेत, ते खाली उतरवायचे, पुसायचे, अर्धं पाणी आणि वर खोबरेल, वात बसवायची. हे काम आधी शम्माश, म्हणजे सिनेगॉगची देखभाल बघणारे, एकटे करायचे आणि कुरकुरत करायचे. आता दुसरी-तिसरीतली तीन पोरं येतात, तेल सांडतात, फरशी घसरडी होते, शम्माशअंकल जास्तच कुरकुरतात, पण संध्याकाळी तीच पोरं बापाचा शर्ट ओढून सांगत असतात की तो तिसरा दिवा माझा. दिवे लागायची वेळ मात्र आधी कळवा. डिसेंबरात पावणेसहाच्या आसपास आणि जूनमध्ये सातच्या सुमारास असा फरक पडतो, आणि सीएसटीहून सहाची लोकल पकडणाऱ्या बापाला डिसेंबरात ते जमणारच नाही, तर त्याला डिसेंबरात बोलवून अपराधी वाटून देऊ नका, मे-जूनमध्ये धरा.

दुसरं शुक्रवारचं काम शरबत. किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला, वाईनच्या ऐवजी काळ्या मनुकांचं शरबत ही आपली जुनी पद्धत, आणि त्यात लहान मुलांचे हात लागतातच. पाव किलो काळ्या मनुका धुवून सकाळी लिटरभर पाण्यात भिजत टाका, दुपारपर्यंत टम्म फुगतात, मग मोठ्या पातेल्यात पोरांना हाताने कुस्करू द्या, हात धुतले का ते बघा, मग मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या. रंग काळपट जांभळा येतो, फडकं कायमचं गेलं समजा. हे आम्ही एका आज्जीच्या घरी करतो, सिनेगॉगच्या किचनमध्ये नाही, मुद्दाम. कारण त्या आज्जीला जिने चढवत नाहीत, ती शनिवारी येऊ शकत नाही, पण शनिवारी किद्दूशला कप हातात घेतला की सगळे म्हणतात आज गोड झालंय, आज पातळ झालंय, म्हणजे ती आलेलीच असते. दुपारी तिला कोणीतरी चालत जाऊन सांगून येतं की पातळ झालं होतं. ती भडकते. दर वेळी.

आता गेट. याच्यावर कोणी लिहीत नाही आणि सगळ्यात जास्त माणसं आपण गेटवरच घालवतो. 26/11 ला नरिमन हाऊसवर जे झालं त्यानंतर मुंबईतल्या सिनेगॉगबाहेर पोलीस असतात, ओळखपत्र बघतात, बॅग उघडायला लावतात, आणि ते बरोबरच आहे, त्याला माझा काही विरोध नाही. पण जरा विचार करा, कडेवर पोर, हातात पिशवी, नवरा गाडी लावायला गेलाय, आणि पहिला माणूस जो भेटतो तो विचारतो, "कोण तुम्ही, कोणाकडे आलात?" आपल्याच मशिदीत! आमच्याकडे गेल्या वर्षापासून एक कॉलेजची मुलगी गेटच्या आत उभी असते, पोलिसांच्या शेजारी, तिचं काम एकच, येणाऱ्याला नावाने हाक मारायची. नाव माहीत नसेल तर आडनावाचं गाव विचारायचं, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, नागावकर, आपल्यात गाव सांगितलं की अर्धं नातं तिथेच निघतं. नव्या फॅमिलीची नावं तिने गुरुवारीच पाठ केलेली असतात कारण शनिवारी यादी वाचायला फोन काढता येत नाही.

बसायच्या जागेचं बघा. आपल्या लोकांच्या जागा ठरलेल्या असतात, त्याच बाकावर त्याच कोपऱ्यात पणजोबांपासून, आणि एखादा नवीन माणूस तिथे बसला की "ही जागा आमची आहे" असं म्हणणारे महाभाग प्रत्येक सिनेगॉगमध्ये किमान एक असतात. माझ्या नवऱ्यालाच म्हटलं होतं कोणीतरी, लग्न होऊन महिना झाला होता. यावर उपाय भांडण नाही. त्या महाभागालाच जाऊन सांगा, अंकल, तुमच्या शेजारी या आठवड्यात एक नवीन मुलगा बसवते, त्याला पान कुठलं ते दाखवाल का? म्हातारी माणसं कामाला कधी नाही म्हणत नाहीत, जागेला म्हणतात. आता ते अंकल शुक्रवारी विचारतात, उद्या कोण आहे माझ्याकडे?

बायकांच्या गॅलरीचं मात्र सरळ उत्तर नाहीये. आमचं ऑर्थोडॉक्स वळणाचं, बायका वर बसतात. वरून दिसतं छान पण साठीनंतर तो जिना म्हणजे शिक्षा, आणि तरुण आईला एक पोर वर आणि एक खाली बापाजवळ असं झालं की ती तासभर जिन्यातच असते. आम्ही हझानना विचारून खालच्या मागच्या दोन रांगा बायकांसाठी केल्या, मध्ये पडदा लावला, गुडघेदुखीवाल्या आज्ज्या आणि तान्ही बाळं असलेल्या आया तिथे. यावर मीटिंगमध्ये दीड तास वाद झाला आणि शेवटी जिचा सगळ्यात जास्त विरोध होता तीच आंटी पहिल्या शनिवारी खाली येऊन बसली, म्हणे फक्त आजच्या दिवस. सगळ्यांनी एकत्र बसायचं असेल तर मुंबईत रोदेफ शालोम हे सिनेगॉग आहे, डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने 1925 मध्ये सुरू झालेल्या ज्यूइश रिलिजस युनियनचं, तिथे बायका-पुरुष शेजारी बसतात. ते त्यांचं, हे आपलं, पण जिना दोघांनाही बघायला हवा.

लहान मुलांसाठी वेगळी खोली, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. आम्हीही केली होती. बाजूच्या हॉलमध्ये सतरंजी, खेळणी, एक ताई. झालं काय तर पोरं खूश, पण त्यांच्या आया ताईच्या मदतीला म्हणून तिकडेच बसायला लागल्या आणि गॅलरी ओस पडली, वर आणि पोरांना वाटायला लागलं की सिनेगॉग म्हणजे बाजूचा हॉल. एका मुलाला बार मिस्वाच्या (तेराव्या वर्षीच्या विधीच्या) तयारीपर्यंत हेखालचं, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायच्या कपाटाचं, दार उघडताना कसं दिसतं ते माहीत नव्हतं, खरं सांगतेय. म्हणून आता सतरंजी आत आहे, मागच्या भिंतीजवळ. त्यावर कापडी खेळणी, एक कापडी सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, जी एका मावशींनी जुन्या मखमलीच्या ब्लाऊजपीसची शिवलीय, लाकडी ठोकळे नाहीत, बॅटरीवालं काही नाही. खायला खजूर, केळी आणि चणे, आणि चणे डब्यात नाहीत, कापडी थैलीत. पेन्सिल-रंग शब्बाथला नाहीत, हे नव्या आयांना आधीच सांगा, नाहीतर त्या बिचाऱ्या कौतुकाने ड्रॉइंग बुक आणतात आणि कोणीतरी येऊन ते काढून घेतं. आणि हो, पोर रडलं तर बाहेर न्यायचं की नाही हे आईला ठरवू द्या, तुम्ही वळून बघू नका, बस.

वेळेबद्दल खरं बोला. शनिवारची सकाळ अडीच तासांची असते आणि पाच वर्षांचं पोर अडीच तास बसत नाही, तुमचंही बसलं नव्हतं, तुम्हाला आठवत नाहीये एवढंच. आम्ही फॅमिलीजना सांगतो, सेफेर हेखालमधून बाहेर निघतो तेव्हा या आणि परत आत जाईपर्यंत थांबा. तो सगळ्यात बघण्यासारखा भाग आहे, पडदा सरकतो, दारं उघडतात, सेफेरवरच्या चांदीच्या घुंगरांचा आवाज येतो, तो आवाज पोरांना बरोबर ओळखू येतो, सतरंजीवरचं सगळ्यात व्रात्य कार्टंसुद्धा मान वर करतं. सेफेर फिरवत आणतात तेव्हा पोरांना रांगेच्या कडेला उभं करा, बापाच्या तल्लीतचा, म्हणजे प्रार्थनेच्या शालीचा, कोपरा हातात द्या, तो सेफेरला टेकवून ओठांना लावायचा. आपल्याकडे तेबा मध्यभागी असतो, बाक चारी बाजूंनी, हे फार सोयीचं आहे, पोर कुठेही असो त्याला दिसतं. मग सेफेर उंच धरतात, सगळे सिसीत म्हणजे तल्लीतचे गोंडे त्याच्याकडे करतात. हे एवढं झालं की ज्याला जायचंय त्याने जावं, कोणी "एवढ्यात निघालात?" म्हणायचं नाही. हे वाक्य आम्ही मीटिंगमध्ये ठराव करून बंद केलंय, हसू नका, खरंच ठराव केलाय.

लहान लहान कामं जी चालली ती सांगते, क्रम काही नाही. पान नंबर दाखवायची पाटी, लाकडी, कॅलेंडरसारखे आकडे उलटायचे, लिहायचं काही नाही त्यामुळे शब्बाथलाही चालते, त्यावर एक नऊ वर्षांचा मुलगा आहे आणि तो चुकीचं पान लावतो तेव्हा हझानच त्याला हळूच खुणावतात. सिद्दूर म्हणजे प्रार्थनापुस्तकं वाटणं आणि गोळा करणं, खाली पडलं तर उचलून ओठांना लावणं. शुक्रवारी लेखा दोदी या गाण्याच्या शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे तोंड करतात ना, तेव्हा शब्बाथ राणीला आत घ्यायला दारापाशी एक छोटी मुलगी उभी असते, दोन्ही दारं उघडते, वाकते, आणि मग सगळ्यांकडे बघून लाजते. कोणी शिकवलं नव्हतं वाकायला.

आणि मिन्यान मोजणं. दहा पुरुष जमेपर्यंत सेफेर काढता येत नाही, आपल्याकडे कितीतरी शनिवार नऊवर अडकतात, तेव्हा माणसं एक-दोन-तीन अशी मोजायची नाहीत, दहा शब्दांचा पासूक, म्हणजे धर्मग्रंथातली ओळ, म्हणायचा, एका माणसावर एक शब्द. होशीआ, एत, अम्मेखा, ऊवारेख, एत, नहलातेखा, ऊर्एम, वेनास्सेम, आद, हाओलाम. हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलाचं. तो स्वतः तेराचा नसतो म्हणून मोजणीत नसतो, पण मोजतो तोच. "हाओलाम" कोणावर येतो याच्याकडे सगळी मशीद डोळे लावून असते, आणि एकदा आदवर अडकलं तेव्हा तो पोरगा सरळ रस्त्यापलीकडे जाऊन आपल्या झोपलेल्या मामाला उठवून घेऊन आला. मामा आता नियमित येतो, भीतीने असेल.

हिब्रू येत नाही ही अडचण मोठ्यांची आहे, पोरांची नाही. पस्तीस-चाळिशीतले लोक जे येत नाहीत त्यातले निम्मे याच लाजेने येत नाहीत, सिद्दूर उलटं धरू की काय या भीतीने. त्यांच्यासाठी देवनागरीत लिहिलेले कागद करा, मोठ्या टाइपात, 18 च्या खाली नको, त्याच कागदावर खाली मराठी अर्थ, आणि गुरुवारपर्यंत छापून सिद्दूरमध्ये खोचून ठेवा. यात कमीपणा काही नाही. आपल्या हागादाची, म्हणजे पेसाहला (वल्हांडणाला) वाचायच्या पुस्तकाची, मराठी भाषांतरासकट छापील प्रत मुंबईत 1846 मध्ये निघाली, जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली, म्हणजे मराठीतून तेफिल्ला समजून घेणं हा काही आजचा शॉर्टकट नाही. पुण्याच्या 1874 च्या हागादात तर मासा म्हणजे पेसाहची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या दाखवल्यात, ते चित्र आम्ही पेसाहच्या आधी पोरांना दाखवतो, मग त्यांना विचारायला लागत नाही की हे आपलं आहे का दुसऱ्या देशातलं.

आणि ज्याला काहीच येत नाही त्याला शेमा, म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी, 'एहाद'वर संपणारी ओळ, येतो. आपले पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, पुस्तकं नाहीत, सेफेर नाही, भाषा गेली, आणि परंपरा सांगते की धर्म पुन्हा शिकवणारे डेव्हिड रहाबी आले तेव्हा आपल्याकडे उरलं होतं काय, तर शनिवार, सुंता, खाण्यातले नियम आणि शेमा. लग्नात शेमा, सुंतेला शेमा, मयताला शेमा, एकाच ओळीवर सगळं. त्यामुळे आमच्या फॅमिली शब्बाथला शेमा सगळ्यात सावकाश म्हणतात, डोळ्यांवर हात ठेवून, आणि हझान थांबतात, खरंच थांबतात, शेवटचं बोबडं "एहाद" येईपर्यंत. मागच्या महिन्यात ते बोबडं एहाद इतक्या उशिरा आलं की लोक हसले. चाललं.

टीनएजर्सबद्दल मला फार काही सांगता येत नाही, तेरा पूर्ण झाले, बार मिस्वा झाली, घड्याळ मिळालं की मुलगा गायब, हे सगळीकडे आहे. शनिवारी शाळा असते, क्लास असतो, दहावी असते. आरडाओरडा करून उपयोग नाही. जे थोडं चाललं ते म्हणजे, बुधवारी व्हॉट्सअॅपवर हझानकडून चालीची व्हॉइस नोट, तीन ओळींची, हाफ्ताराच्या, म्हणजे संदेष्ट्यांच्या पुस्तकांतल्या त्या आठवड्याच्या वाचनाच्या, फक्त तीन, आणि महिन्यातून एकच शनिवार. पूर्ण हाफ्तारा सांगितलात की गेला हातातून. आणि मुलींना विसरू नका, आपल्या पोरी हिब्रू पोरांपेक्षा बऱ्या वाचतात आणि त्यांना फक्त शरबत गाळायला लावलं तर त्या का येतील? तेबावर वाचायचं नाही म्हणता ना, मग पाराशाची, म्हणजे त्या आठवड्याच्या तोरा-वाचनाची, गोष्ट मराठीतून सांगायचं काम त्यांना द्या, किद्दूशच्या आधी, पाच मिनिटं, कागद न बघता.

म्हाताऱ्या माणसांना ऐकू येत नाही हे कोणी कबूल करत नाही. शब्बाथला माईक नाही. मग त्यांना तेबाला लागून बसवा आणि त्यांच्या मागे मोठ्या आवाजाचा एखादा काका. आणि त्यांना बोलतं करा, वर सांगितलेली पाराशाची गोष्ट कधी एखाद्या आजोबांना द्या, फक्त घड्याळ कोणाकडे तरी असू द्या, कारण योसेफ आणि त्याच्या भावांवर आमच्या एका आजोबांनी पन्नास मिनिटं घेतली होती आणि भाव अजून मिस्रला पोचायचे होते. त्यांच्या तरुणपणी मराठी कीर्तनं व्हायची, अब्राहामाचं आख्यान, योसेफाचं आख्यान, पेटी-तबल्यावर, ओव्या-साक्या सगळं. शब्बाथला वाद्यं नाहीत, पण शनिवारी रात्री आहेत ना.

तिथेच येते मी. ज्यांना शनिवार सकाळ जमतच नाही त्यांच्यासाठी हावदाला, म्हणजे शब्बाथ संपवायचा विधी, धरा. तीन तारे दिसले की शब्बाथ संपला, दिवा लावता येतो, फोन चालतो, रिक्षा चालते, म्हणजे सगळ्या अडचणी एकदम गेल्या. आणि हावदालाला पोरांना आवडणारं सगळं आहे, वेणीची मेणबत्ती, लवंग-दालचिनीचा वास, नखांवर उजेड बघायचा, शेवटी ज्योत शरबतात विझवायची, च्स्स. गच्चीवर केलं तर आणखी छान. लवंगांची पुडी आज्जीच्या हातात, मेणबत्ती पोराच्या, मेण ठिबकतं म्हणून खाली ताटली, आणि मग ते पन्नास मिनिटंवाले आजोबा पेटी घेऊन. रात्री साडेनऊला हाकलावं लागतं लोकांना.

दुसरं म्हणजे मलिदा, पोहे-फळांचं ताट मांडून केलेली आपली आभाराची तेफिल्ला. माझं तर मत आहे की सगळ्या वयांची तेफिल्ला म्हणून आपल्याकडे आधीपासून जे आहे ते मलिदाच, आपण उगाच बाहेरून काहीतरी आणायला बघतो. पोहे भिजवायचे, ओलं खोबरं, साखर, वेलची, काजू-बदाम-मनुका, ताटात रचून वर फळं, मध्ये गुलाब. एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया संदेष्ट्याचं गाणं सगळ्यांना पाठ असतं, ज्यांना बाकी ओ की ठो येत नाही त्यांनाही. झाडाच्या फळाची बराखा (आशीर्वचन) वेगळी, जमिनीतल्याची वेगळी, सुवासाची वेगळी, तेव्हा पोरांना कोडं घाला, केळं झाडाचं की जमिनीतलं? भांडणं होतात. उत्तर जमिनीतलं आहे, केळीला लाकडी खोड नसतं म्हणून. तू बिश्वात या झाडांच्या सणाला अलिबागजवळ खंडाळ्याला जाणारी बस केलीत, जिथे एलियाहूच्या रथाची खूण म्हणून खडक दाखवतात, तर जे घर वर्षभर दिसत नाही तेही बसमध्ये असतं, डबे घेऊन.

सणांबद्दल थोडक्यात, कारण सणाला लोक तसेही येतात. नव्याच्या सणाला, म्हणजे नवीन वर्षाला, शोफार हे शिंग वाजवायच्या वेळी पोरांना अगदी पुढे बसवा. संध्याकाळी पापं सोडायला पाण्यावर जायचं असेल, मुंबईवाले भाऊच्या धक्क्यावर जातात, तर म्हाताऱ्यांसाठी दोन घडीच्या खुर्च्या न्या. दारफाळणीला म्हणजे किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, दिवसभर पोरं नकोत, शेवटचा तास नेइला तेवढी पुरे, दारं मिटायची वेळ, सगळे पांढऱ्यात. पुरीमला गोष्ट वाचताना त्यातल्या खलनायक हामानचं नाव आलं की जेवढा दंगा तेवढा कमी, आणि नंतर पुरणपोळी. बिरड्याचा रोजा, म्हणजे यरुशलेमचं देऊळ पाडलं त्या दिवसाचा उपास, लोक विसरत चाललेत, आम्ही केला, जमिनीवर बसून केळीच्या पानावर बिरडं-भात, देऊळ का पाडलं हे एका आज्जीने सांगितलं, सोळा पोरं होती आणि एकही हललं नाही. सिम्हाथ तोराला, तोराच्या आनंदाच्या सणाला, मात्र कामं वाटू नका, नुसतं नाचू द्या.

डिसेंबरात इस्रायलहून सुट्टीला आलेली कुटुंबं असतात. त्यांच्या पोरांना हिब्रू खडाखडा येतं आणि मराठी फक्त "भूक लागली" एवढंच, आणि इकडच्या आज्जीला मराठी येतं आणि हिब्रू फक्त तोंडपाठ. दोघांना शेजारी बसवा, पोर वाचेल, आज्जी अर्थ विचारेल, ते हिब्रूत सांगेल, तिला कळणार नाही, मग मध्ये कोणीतरी तिसरं लागेल. असे तिघं झाले की एक बाक भरला.

मिश्र लग्नांचं नाजूक आहे, नियम काय ते हझान आणि कमिटी बघतील, तो माझा प्रांत नाही. पण जी सून किंवा जावई मुलांना घेऊन गॅलरीत किंवा बाकावर बसलेत त्यांना पहिल्याच दिवशी "तुम्ही कन्व्हर्ट झालात का?" विचारणाऱ्या बाईला आम्ही चहाच्या काउंटरवर ठेवलंय, कप भरता भरता तिला बोलायला वेळ मिळत नाही.

शेवटी आपली ती जुनी पद्धत, तेफिल्ला संपल्यावर हात घ्यायची. हल्ली लोक शब्बाथ शालोम म्हणत नुसते हात हलवत निघतात. ती परत सुरू करा. हझानपासून सुरुवात, ते सगळ्यात वयस्कर माणसाचे दोन्ही हात आपल्या हातात धरतात, मग दोघंही आपली बोटं ओठांना लावतात, मग ते आजोबा पुढच्याला, असं थोरापासून धाकट्यापर्यंत, शेवटी सतरंजीपर्यंत. आमच्याकडे चाळीस माणसांना सात-आठ मिनिटं लागतात, दाराशी गर्दी होते, कोणाची तरी चप्पल हरवते. पोरांची बोटं खजुराने चिकट असतात, तेवढं चालवून घ्या.